तवसाळकडचा रस्ता

नेकनूर, जि. बीड
रविवार, दुपार

प्रिय पंचशीला,

सप्रेम जयभीम. तू आणि मित्रा ठीक असाल असे धरून चालतो. दोन दिवस संध्याकाळी तुझा फोन आला आणि आईने तो उचलला नाही. मी उचलला आणि पाहुणे आलेत असे सांगून ठेवून दिला. पाहुणे कोणी नव्हते. आईला काही झालेले नाही, गुडघा सोडला तर तब्येत बरी आहे, आणि ती तुझ्यावर रागावलेलीही नाही. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे तू निवांत वाचशील. मला पत्र लिहायची सवय नाही. नोकरीत लिहिले ते लसीकरणाचे अहवाल, त्यात गाई किती आणि म्हशी किती एवढेच असायचे. फोनवर सांगायचे तर मी मधे थांबलो की तू 'हॅलो, हॅलो' करतेस आणि मला पुढचे सुचत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

इकडे ऊन वाढले आहे. तू दिलेली आमसुले आईने वरणात टाकून पाहिली. एकदा टाकली, मग डबा वर ठेवून दिला. काजू मात्र शेजारच्या तुळजाबाईपर्यंत पोचले. जयंतीच्या वर्गणीला पोरे आली होती, त्यांनी दरवर्षीप्रमाणे सुमेधचे नाव घेतले आणि मग पावतीपुस्तक मिटू लागली. मी पावती माझ्या लेकाच्याच नावाने फाडायला लावली.

तुझ्या बीडकडच्या बदलीचे तुला माहीतच आहे. महिनाअखेर तुला हो की नाही ते कळवायचे आहे. या वेळी तुझे नाव येणार हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण नवरा वारलेल्या शिक्षिकेला यादीत वर घेतात. आठ वर्षे आपण ज्याची वाट पाहिली ते असे मिळाले. यादी आली त्या दिवशी आईने तुळजाबाईला सांगितले, "आता सून अन् नात येत्यात बघ. जूनमधी मित्राचं नाव इथल्याच शाळेत घालायचं." दर फोनला ती तुला विचारते, "कवा निघतीस?" आणि तू म्हणतेस, "परीक्षा होऊ द्या आई, मग बघते." तू नाही म्हणाली नाहीस, पण हो सुद्धा म्हणाली नाहीस. मी शेजारी बसून ऐकत असतो.

आमच्या घरातली एक जुनी रीत तुला सांगतो. माझे वडील, म्हणजे बन्सीआजा, ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाडीत दोन भांडी, एक वाकळ, पिठाचे पोते आणि आम्ही लेकरे. कारखान्याच्या माळावर पाचटाची कोपी, म्हणजे खोपटी, करायची आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की कोपी तिथेच टाकून घरी यायचे. पुढे मी शिकलो, सरकारी नोकरी लागली, पण घरातली समजूत बदलली नाही. बाहेर जाणे म्हणजे पट्टा पडेपर्यंत जाणे. सुमेधला रत्नागिरी जिल्ह्यात शाळा मिळाली तेव्हा आईने त्याला दोन पातेली आणि एक पांघरूण बांधून दिले होते. तो म्हणाला, "आई, अजून एखादा डबा दे की." तर ती म्हणाली, "कोपीवर लागतंय तेवढंच न्यावं. परत आणायला जड होतंय." तो हसला होता. पुढे लग्न झाले, तू गेलीस, मित्रा झाली, तरी आमच्या तोंडी तेच होते. कोणी विचारले, पोरगा कुठे आहे, तर आई सांगायची, "हाय तिकडं कोकणात, बदली झाली की येईल." दिवाळीत आणि मे महिन्यात तुम्ही यायचात, त्यामुळे आम्ही तिकडे यायचा प्रश्नच निघाला नाही. कोपी बघायला कोणी जात नाही.

ऑक्टोबरमध्ये सुमेध गेला तेव्हाही आम्ही तिकडे आलो नव्हतो. त्याला तुम्ही इकडे आणले. शिक्षक लोक होते, गाडी होती, तू पुढे बसली होतीस. जलदान विधी इथेच झाला. महिनाभर राहून तू शाळेवर परत गेलीस आणि आई म्हणाली, जाऊ दे, आता थोडेच दिवस राहिले.

जानेवारीत आम्ही आलो ते सामान बांधायला म्हणून. आईने सोबत सुतळी घेतली होती आणि रिकामी पोती. चिपळूणच्या स्टँडवर तू गाडी घेऊन आली होतीस. तुला गाडी चालवताना आईने आधी पाहिले नव्हते. ती पुढे बसली आणि वळण आले की तिचा पाय खाली दाबला जायचा, जणू ब्रेक तिच्याच पायाखाली आहे. घरी पोचलो तेव्हा अंगणात तोंडल्याचा मांडव होता, दाराला पडदे होते, भिंतीला त्याने ठोकलेली फळी होती आणि फळीवर पुस्तके. शेजारची बाई येऊन म्हणाली, "सरांचे आईबाबा काय? या, चहा माझ्याकडे." आई उंबऱ्यातच थांबली. मी म्हटले, चल आत. ती म्हणाली, "हे तर घर हाय." तू स्वयंपाकघरात होतीस, तुला ऐकू गेले नसेल. सुतळीचे बंडल तिने पिशवीतून बाहेर काढले नाही.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, सामान राहू द्या, दोन दिवस रजा टाकली आहे, तुम्हाला तो रस्ता दाखवते. सुमेध नेहमी म्हणायचा की आई-दादा आले की त्यांना गुहागरपासून तवसाळपर्यंत आणि पलीकडे जयगडपर्यंत फिरवायचे. त्याने ठरवलेली जागा न् जागा तुला पाठ होती. कुठे गाडी उभी करायची, कुठे उतरायचे, कुठे नुसते काचेतून बघायचे. मला खरे तर फिरण्याचे मन नव्हते. आईलाही नव्हते. पण तू इतक्या तयारीने डबा भरला होतास की नाही म्हणवले नाही.

तो रस्ता मला अजून जसाच्या तसा आठवतो. आपल्याकडे रस्ता म्हणजे सरळ, दोन्हीकडे शेते, आणि लांबून येणारी गाडी दिसते. तिथे एक वळण संपायच्या आत दुसरे सुरू होते. चढ चढला की एकदम काळ्या-तांबड्या कातळाचा सपाट सडा, त्यावर झाड नाही, वाळलेले गवत आणि वारा. तो सडा पाहून आई पहिल्यांदा बोलली, "हे आपल्याकडच्यासारखं हाय. बालाघाटावर गेल्यासारखं वाटतंय." मग सडा संपला आणि उजव्या हाताला खाली पाणी दिसले. एवढे पाणी मी माजलगावच्या धरणावर भर पावसाळ्यातही पाहिलेले नाही. धरणाचे पाणी पडून असते. उन्हाळ्यात ते मागे सरते, लोक गाळात पेरतात, काढतात, आणि मग पुढच्या पावसात ते सावकाश वर येते. आमची पाण्याची समजूत तेवढीच. हे पाणी मात्र खाली खडकावर येऊन आपटत होते आणि परत जात होते, आणि वर गाडीत त्याचा आवाज येत होता. मित्रा मागून सांगत होती, "आजोबा, ही भरती आहे. मग ओहोटी. मग परत भरती." मी म्हटले, कोणी शिकवले? ती म्हणाली, "पप्पांनी." तू आरशातून मागे पाहिलेस आणि परत रस्त्याकडे पाहिलेस.

वेळणेश्वरला नारळाच्या बागेत आपण डबा खाल्ला. आईने चपाती तशीच ठेवली. हेदवीला खडकात ती चीर आहे, भरतीचे पाणी आत घुसते आणि घराएवढे वर उडते. लोक फोटो काढत होते. मित्राने टाळ्या वाजवल्या. पाणी उडाले तसे आई मागे फिरली आणि गाडीत जाऊन बसली, काच वर करून. तेव्हा तुझ्या लक्षात आले आणि तुझा चेहरा उतरला. तिला तिथे आणायला नको होते असे तुला वाटले असेल. तसे काही मनात ठेवू नको. ते त्याने ठरवलेल्या जागांत होते, तू फक्त त्याच्या क्रमाने चालली होतीस.

पुढे एक फाटा लागला. डावीकडे रस्ता उतरून तवसाळच्या जेटीकडे जात होता, उजवीकडे एक अरुंद डांबरी रस्ता सड्यावरून समुद्राकडे जात होता. तुझी शाळा त्याच उजव्या रस्त्यावर आहे हे मला मित्राकडून कळले होते. तू डावीकडे वळलीस. येताना पुन्हा तो फाटा आला, मित्रा म्हणाली, "मम्मी, शाळा दाखव ना आजीला." तू म्हणालीस, आज सुट्टी आहे, कुलूप असेल. त्या दिवशी सुट्टी नव्हती, सुट्टी फक्त तुझी होती. लाट आली तेव्हा सुमेध कुठे उभा होता हे मी तोवर कोणाला विचारले नव्हते, पण त्या वळणावर मला कळले.

फेरीबोटीत गाडी चढवताना आई गाडीतून उतरायला तयार नव्हती. "पाण्यावर गाडी, गाडीत मी. एकातून वाचले तर दुसऱ्यात बुडंन," असे म्हणाली, आणि तू बऱ्याच दिवसांनी हसलीस. मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. तिथे शहादेव भेटला. तुमच्याच तालुक्यातल्या शाळेवरचा, आपल्या गेवराईकडचा पोरगा, सुमेधबरोबर लागलेला. त्याने पाया पडून विचारपूस केली. मग आपल्याकडचा माणूस भेटला की बोलतो तसा तो बोलत राहिला, पाऊस, ऊस, बदल्या. तू गाडीतून आमच्याकडे पाहत होतीस. काचेवर ऊन होते, तुझा चेहरा नीट दिसत नव्हता, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि गाडी तर बंद होती. पलीकडे लागलो तेव्हा तू मला विचारलेस, "शहादेवसर काय म्हणत होते?" मी म्हटले, "काही नाही, गावाकडचं." तो काय म्हणाला ते थोडे पुढे लिहितो.

जयगडच्या दीपगृहाच्या पायऱ्या आईला झेपल्या नसत्या, म्हणून आपण खालीच बसलो. संध्याकाळ होत होती. सगळा किनारा तिथून दिसत होता, एकामागे एक डोंगराची नाके पाण्यात शिरलेली. सुंदर होते हे मला कळत होते. पण मला सारखे वाटत होते की हे मी त्याच्या मागे उभा राहून पाहायला हवे होते आणि तो पुढे उभा राहून बोट दाखवत हे काय, ते काय सांगायला हवा होता. तू त्याच्याऐवजी सांगत होतीस. मधेच थांबायचीस. त्याने सांगितलेले संपले की थांबायचीस असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर आई म्हणाली, "पंचशीला, मला ती जागा दाव." तू कुठली म्हणून विचारले नाहीस. मित्राला शेजारी ठेवलेस आणि आपण तिघे निघालो. फाट्यावर तू उजवीकडे वळलीस. शाळा मागे गेली, पोरे खिडकीतून हात हलवत होती, तू हॉर्न वाजवलास पण थांबली नाहीस. सड्याच्या टोकाला गाडी उभी राहिली आणि खाली तो खडक होता. मी मनात धरला होता त्यापेक्षा लहान. सपाट, दोन-चार माणसे बसतील एवढा. तू सांगितलेस की गावातल्या दोघांबरोबर तो रविवारी गळ टाकायला यायचा, त्याला मासे फारसे मिळत नसत, पण यायचा. त्या दिवशी आमिष काढायला तो पिशवीकडे वळला आणि त्याची पाठ पाण्याकडे झाली. गावातली माणसे पाण्याकडे पाठ करत नाहीत. आपण नदीवर, विहिरीवर, धरणावर पाठ करूनच बसतो, कपडे धुतो, जेवतो. त्याला कोणी सांगितले नसेल असे नाही. पण जन्माची सवय असते.

आईने तिथे फुले ठेवली नाहीत की काही नाही. आपण त्रिशरण म्हटले, वाऱ्यात एकमेकांचे ऐकूही येत नव्हते. मग ती पाण्याकडे बघत म्हणाली, "बदली झाली असती तर माझा लेक जिता असता. आठ वर्सं अर्ज केले. एका बी साहेबाला दया आली न्हाई." हे ती ऑक्टोबरपासून म्हणते आहे. इथे तू महिनाभर होतीस तेव्हा रोज म्हणायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, फोनवरही म्हणते. आणि प्रत्येक वेळी तू खाली मान घालून ऐकतेस. मला वाटायचे, सासूपुढे काय बोलणार. त्या दिवशी मात्र मी तुझ्याकडे बघत होतो. तू ओठ दाबून धरले होतेस आणि गाडीची किल्ली मुठीत इतकी आवळली होतीस की परत निघताना तळहातावर तिचा वण होता. तू तो पदरात झाकलास. मी पाहिला होता.

आता शहादेवचे लिहितो. तो कठड्याला टेकून म्हणाला, "काका, त्याच्या जागी मी असतो तर कवाच पळालो असतो. सुमेधचं नाव आलतं की यादीत, दोन वर्सांमागं. मी पेढे मागायला गेलतो तर म्हणतोय, नाही म्हणून लिहून दिलं. मी म्हटलं, कामून रं? येडा का खुळा? लोकं बदलीसाठी देव पाण्यात घालून बसलेत अन् तू आलेली परत करतूस?" मी विचारले, मग तो काय म्हणाला? शहादेव हसला. म्हणाला, "म्हणतोय कसा, शहाद्या, हितं मी मास्तर हाय. तिकडं गेलो की बन्सीचा नातू." हे सांगून तो पुन्हा हसला आणि मग माझ्याकडे पाहून त्याचे हसणे थांबले. आम्हाला हे माहीत नाही हे त्याच्या तेव्हा लक्षात आले असावे. वाक्यातले बाकीचे त्याला कळले नसावे. तो भला पोरगा आहे, पण त्याला ते कळायचे कारण नाही.

मला कळले. आधी वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. दोन दिवाळ्या तो इथे आला, आईने विचारले की बदलीचे काय झाले, आणि तो म्हणाला, "बघू, पुढच्या यादीत." आपल्या घराला तो एवढा कंटाळला होता का, असे मला त्या बोटीवर वाटले. पण परतीच्या एसटीत मला माझी नोकरी आठवत होती. मी याच पंचक्रोशीत काम केले. अडलेली गाय मोकळी करायची, वासरू बाहेर काढायचे, कोपरापर्यंत हात भरलेले, आणि हात धुवायला पाणी मागितले की वरून ओतायचे. साहेब म्हणायचे आणि वरून ओतायचे. पुढे ते बंद झाले. माणसे चांगली वागू लागली, माझ्याकडे जेवायला आली. तरी मी निवृत्त होईपर्यंत गावात कोणी पत्ता विचारला की सांगायचे, ते काय, बन्सीचे पोरगे, वस्तीत आहे त्याचे घर. सुमेध शाळेत पहिला आला तेव्हा पण तसेच सांगितले होते. मी ते ऐकून सोडून देत आलो. तो लहान होता, माझ्या मागे गाडीवर बसलेला असायचा, त्याने सोडून दिले नसेल. कोकणात जातपात नाही असे मी म्हणत नाही, ती सगळीकडे आहे. पण परक्या माणसाची जात लोकांना शोधावी लागते, आणि तोवर तो मास्तर झालेला असतो. शाळेच्या खिडकीतली पोरे पाहिली तेव्हा मला हे नीट समजले नव्हते, पुढे घरी येऊन समजले.

मी हे बरेच दिवस पोटात ठेवले. आईला सांगावे की नाही ते ठरत नव्हते. गुरुवारी दुपारी ती ओसरीत शेंगा फोडत होती, तुळजाबाई आली होती, आणि पुन्हा तेच निघाले, बदली झाली असती तर. तुळजाबाई गेल्यावर मी सांगून टाकले की बदली झाली होती, त्यानेच नको म्हटले. ती शेंगा फोडत राहिली. मला वाटले ऐकू गेले नाही. मग तिने विचारले, "पंचशीलाला ठावं हाय?" मी म्हटले, हो. "अन् मी तिच्या म्होरं…" एवढेच म्हणाली आणि उठून आत गेली. बन्सीच्या नातवाचे वाक्य मी तिला सांगितलेले नाही. त्याला तिथली शाळा आवडली होती, एवढे सांगितले. कधी विषय निघाला तर तूही तेवढेच सांग.

त्यानंतर तिने फोन उचलला नाही तो यामुळे. तुझ्याशी काय बोलावे ते तिला कळत नाही. आणखी एक आहे. इतके दिवस ती यादी करणाऱ्या साहेबांना शिव्या द्यायची. सकाळी उठून शिव्या द्यायची, मग चूल, मग कामे, असा तिचा दिवस लागायचा. आता ते कोणी राहिले नाहीत. मुलाला शिव्या देता येत नाहीत. ती नुसती बसून असते आणि मला तिची भीती वाटते. सांगितले ते बरे केले की वाईट, हे मला अजून कळलेले नाही.

आज सकाळी भाकरी करताना ती पाठमोरी म्हणाली, "तिला लिहा." मी विचारले, काय लिहू? ती म्हणाली, "लिहा, मी बोलत हुते तवा एकदा तरी मला गप करायचं हुतंस." थोड्या वेळाने म्हणाली, "एवढंच लिहा. ये म्हणून लिहू नका. येऊ नको म्हणून बी लिहू नका." तिचे तेवढे झाले. यापुढचे माझे आहे आणि याच्यासाठी मी लिहायला बसलो आहे. नकार दोघांनी मिळून ठरवला, की त्याने एकट्याने, की तू ये म्हणत होतीस आणि तो ऐकत नव्हता, हे मी तुला कधी विचारणार नाही. पण तू ते स्वतःवर घेतले आहेस, आणि आता महिनाअखेर हो लिहायला निघाली आहेस ते दंड भरल्यासारखे, असे मला तुझ्या आवाजावरून वाटते. बदली नाकारली म्हणून तो गेला नाही. तो लाटेने गेला. मला तुम्ही दोघी इथे हव्या आहात, मित्रा या अंगणात हवी आहे, हे एकदा लिहितो आणि पुन्हा कधी लिहिणार नाही. तरी तू नकार लिहून दे. मित्रा तिथे मास्तरांची मुलगी आहे, तिला तिथेच मोठी होऊ दे. कोणी विचारले तर सासऱ्यांनी सांगितले म्हणून सांग. मे महिन्यात आम्ही तिकडे येऊ, निदान मी तरी येईन. आईला अजून विचारलेले नाही. संध्याकाळी फोन कर, ती उचलेल की नाही सांगता येत नाही, पण तू करत राहा.

तुझेच,
दादा